निळ्या शिंगांच्या शेळ्या कुणी मारल्या

अन्याय हसन मुल्ला या गुराख्यावर झाला. १९६२ सालच्या मे महिन्यात, दुसऱ्या गुरुवारी, सकाळी साडेनऊ वाजता, कुवेतमधल्या जहरा गावाबाहेरच्या एका शेळीवाड्याच्या कचेरीत. साक्ष माझी होती. कागदावर सही माझी होती.

मी पत्रकं लिहून लिहायला शिकलो. कुवेतला जाण्याआधी दोन वर्षं मुंबईत बंदरावरच्या कामगारांची पत्रकं मी लिहीत असे. तिथे एक वडीलधारा माणूस मला सांगायचा, पहिल्या ओळीत कुणावर अन्याय झाला ते सांग, दुसरीत केव्हा, नाहीतर लोक पत्रकात भजी बांधतील. संपादकांनी 'नोकरीतले अनुभव' मागवलेत ते बहुधा निवृत्त लोकांकडून. मी निवृत्त नाही, सत्तावीस वर्षांचा आहे. माझी सगळी नोकरी इथे सांगायची नाही. मला एकच प्रकरण सांगायचं आहे, कारण ते अजून मिटलेलं नाही.

हसन मुल्ला आमच्याच गावचे. दापोली तालुक्यात खाडीकाठी आमचं गाव, त्यात आमचा मोहल्ला. माझ्या आईचे ते दूरचे भाऊ, म्हणून मी त्यांना मामू म्हणतो. शेळ्यांच्या कामासाठी एक कुवेती मालक माणसं शोधत होता, तेव्हा मामू १९५७ ला गेले. तीन वर्षांनी त्यांनीच मालकाजवळ शब्द टाकून मला बोलावून घेतलं. मी मॅट्रिक झालेलो, म्हणून मला वाड्याच्या दवाखान्यात कंपाउंडर नेमलं. मामू मला चिडवायचे, "कंपाउंडरसाब, आमच्याकडं बी बघा जरा. आमाला शिंगं नाय म्हणून इसरू नका."

वाडा म्हणजे पत्र्याच्या लांब पडव्या, खाऱ्या पाण्याची विहीर, गोड्या पाण्याची टाकी, आणि भोवती वाळू. मालक कुवेत शहराजवळ हवल्लीत राहायचा, आठवड्यातून एकदा यायचा. रोजचा कारभार एक व्यवस्थापक पाहायचा. त्याला सगळे मुदीरसाहेब म्हणत. जनावरांचे डॉक्टर उत्तर हिंदुस्थानातले. हुशार माणूस, स्वच्छतेचा मोठा भोक्ता. त्यांच्या टेबलावर एक मायक्रोस्कोप होता. लेंड्यांत जंतांची अंडी किती आहेत ते मोजायला मला त्यांनी तो शिकवला. हे त्यांचे उपकार आहेत, आणि ते नाकारून मला ही गोष्ट सोपी करायची नाही.

वाड्याला लागून उम फलाह नावाच्या एका बदू, म्हणजे वाळवंटात भटकणाऱ्या जमातीतल्या, म्हातारीचा तळ असे. काळी कनात, वीसएक काळ्या शेळ्या. मे महिन्यात पावसाळी गवत जळून जातं. हिरवं राहतं ते एकच, खारट पानांचं बुटकं झुडूप. बदू त्याला हम्ज म्हणतात. म्हातारीच्या शेळ्या ते दिवसभर ओरबाडत आणि संध्याकाळी निवांत रवंथ करत बसत.

इथे थोडं थांबून शेळीचं पोट सांगायला हवं. ते कळलं नाही तर अन्याय कळणार नाही.

शेळी चारा पचवत नाही. शेळीच्या पोटातले जंतू चारा पचवतात. तिच्या पोटाला चार कप्पे; पहिला सगळ्यांत मोठा, लहान घागरीएवढा. त्यात चारा, लाळ, आणि डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव. ते चारा आंबवतात आणि त्या आंबवणावर शेळी जगते. हे जीव शेळी जन्माला येताना घेऊन येत नाही. आई चाटते, त्यातून येतात. आचळाला लागलेल्या मातीतून येतात. कळपात दुसरीच्या तोंडाला तोंड लागतं, एका डोणीत पाणी पितात, त्यातून येतात. मग जी जे खाते, त्याला लागणारे जंतू तिच्या पोटात वाढतात, बाकीचे मागे पडतात. म्हणून एका कळपातल्या, एका जातीच्या, एका वयाच्या दोन शेळ्यांची पोटं सारखी नसतात. एकाच वेतातली दोन करडंसुद्धा मोठेपणी पोटाने वेगळी निघतात. गवळी एकच दूध दोन घरी घालतो, तरी दोन्ही घरचं दही एकसारखं लागतं का? विरजण वेगळं. हे आपल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. डॉक्टरांना ठाऊक नव्हतं असं नाही. शेळीच्या बाबतीत त्याचा विचार करायची गरज त्यांना वाटली नाही.

हम्जच्या पानांत एक विष असतं. थोडंथोडं खाणाऱ्या शेळीच्या पोटात ते विष मोडणारे जंतू हळूहळू वाढतात. उम फलाहच्या शेळ्यांच्या पोटांत ते पिढ्यान्‌पिढ्या होते. नव्या शेळीच्या पोटात ते नसतात. उपाशी नव्या शेळीनं पोटभर हम्ज खाल्लं, तर ती थरथरते, पाय पसरते, आडवी होते.

हे सगळं मी नंतर शिकलो. मामूंना आधीच माहीत होतं. फक्त 'जंतू' हा शब्द त्यांच्याकडे नव्हता.

त्या मे महिन्यात मुंबईहून बोटीनं तीस शेळ्या आल्या. घाटावरच्या, उंच, लांब कानांच्या, दुधाळ. मालकानं हौसेनं मागवल्या होत्या. दहा-बारा दिवस बोटीवर वाळकं गवत खाऊन त्यांचे डोळे आत गेले होते. वाड्याचा नियम असा, की आलेल्या प्रत्येक जनावराला जंतांसाठी मोरचूदाचं पाणी पाजायचं, रात्रभर उपाशी ठेवायचं, आणि दुसऱ्या दिवशी चरायला सोडायचं. पाजलेलं जनावर ओळखू यावं म्हणून त्याच्या शिंगांना निळा रंग लावायचा. पाजायचं काम माझं. रंग लावायचं कामही माझं.

मामू दारात येऊन उभे राहिले.

"इब्राहिमा, चार दिस दम खा. बोटीनं पोट रिकामं झालंय त्यांचं. त्यात तू ह्ये निळं पाणी घालशील, तर हाय ते बी मरंल."

"काय मरेल मामू? जंत मरतील. मरायलाच हवेत."

"जंत मरतील, आणि जगवणारं बी मरंल. मग त्या हम्जवर सोडशील. म्हातारीला इचार, ती काय सांगती."

उम फलाह कनातीबाहेर बसली होती. मामूंनी तिला अरबीत काहीतरी विचारलं. तिनं आमच्या उंच शेळ्यांकडे पाहून जीभ टाळ्याला लावून चकचक केली. "मिस्कीन," म्हणाली. बिचाऱ्या. पुढचं मामूंनी सांगितलं: "ती म्हणती, पाव्हण्याला पैल्या दिशी आपल्या ताटातलं सगळं वाढायचं नसतं."

मी हसलो. एकोणीस वर्षांचा होतो, हातात मापाची बाटली होती, आणि पत्रकं लिहिलेला माणूस म्हणून अंधश्रद्धेवर माझा मोठा राग होता. मी म्हणालो, "मामू, तुम्ही आणि ही म्हातारी दोघं मिळून एक दवाखाना काढा." ते पडवीकडे वळले. एकवीस शेळ्यांना मी त्या दिवशी पाजलं. उरलेल्या नऊ मला मोजणीत सापडल्या नाहीत. मामूंनी त्या उम फलाहच्या तळावर नेऊन ठेवल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांना शोधायला मी तळावर गेलो, आणि जे पाहिलं तेच पुढे कागदावर आलं. उम फलाहच्या काळ्या शेळ्या रवंथ करत बसल्या होत्या. मामू एकीच्या मागे दबकत गेले, तिच्या गळ्यातून रवंथाचा गोळा वर आला तसा त्यांनी पटकन जबड्यात हात घातला, आणि तो हिरवा, फेसाळ, घाण वासाचा गोळा बाहेर काढला. मग घाटावरच्या एका शेळीचं तोंड उघडून तिच्या घशात घातला. वर दोन-चार पानं हम्जची, फक्त दोन-चार. असं नऊ वेळा. कोपरापर्यंत हात हिरवे झाले होते.

"मामू, हे काय चालवलंय?"

"उसनं विरजान घालतोय."

मला किळस आली. मी ते डॉक्टरांना सांगितलं. चहाडी म्हणून नव्हे, खरंच सांगायला हवं असं वाटलं म्हणून. डॉक्टर म्हणाले, "इसीलिए तो बीमारी फैलती है. उन नौ को अलग रखो." नऊ शेळ्या तळावरच राहिल्या. निळ्या शिंगांच्या एकवीस, रात्रभर उपाशी, सकाळी हम्जवर सोडल्या. मामूंनी मुदीरसाहेबांना दोनदा हात जोडून सांगितलं की पाला कापून थोडा थोडा घालू या. मुदीरसाहेब म्हणाले, बाहेर फुकट हिरवं असताना चारा कोण कापणार.

दुपारी पहिली शेळी थरथरली. संध्याकाळपर्यंत अकरा आडव्या. दुसऱ्या दिवशी एकोणीस मेल्या. दोन उरल्या. निळ्या शिंगांच्या दोन. आणि तळावरच्या नऊच्या नऊ, त्याच हम्जमध्ये फिरत, उभ्या.

या दोन शेळ्या लक्षात ठेवा. सगळं प्रकरण त्यांच्यावर फिरलं.

अकरा पडल्या त्या संध्याकाळी मी एक गोष्ट स्वतःच्या बुद्धीनं केली. एक निळ्या शिंगांची शेळी पडली होती पण जिवंत होती. तिच्या तोंडातला पोटातून आलेला रस मी कापडातून गाळून काचेवर घेतला. मामूंच्या नऊपैकी एकीचाही घेतला. मायक्रोस्कोपखाली नऊमधलीचा थेंब म्हणजे उरूस भरलेला. गोल, लांबट, केसाळ जीव, एकमेकांना धडका देत धावत होते. निळ्या शिंगांच्या शेळीचा थेंब शांत. पाण्यात चाऱ्याचे तुकडे आणि काही न हलणाऱ्या गोळ्या. विष मोडणारे जंतू या दिसणाऱ्या जिवांहून फार बारीक असतात, ते त्या यंत्रात ओळखू येत नाहीत. पण जिथे एवढे मोठे मेले तिथे बारकांचं काय झालं असेल, एवढं एकोणीस वर्षांच्या पोरालाही कळत होतं.

मी डॉक्टरांना काच दाखवली. त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग चष्मा पुसला. मला वाटतं, त्यांना त्या क्षणी सगळं समजलं.

"इसे धो दो," ते म्हणाले.

मी काच धुतली.

गुरुवारी सकाळी मालक आला. कचेरीत मुदीरसाहेब, डॉक्टर, मी, आणि दाराशी मामू. मालकाचा पहिला प्रश्न सरळ होता: औषधानं मेल्या का? मुदीरसाहेबांनी खिडकीतून बोट दाखवलं. बाहेर त्या दोन निळ्या शिंगांच्या शेळ्या पाणी पीत होत्या.

"औषध सगळ्यांना एकच, झुडूप एकच, विहीर एकच. औषधानं मेल्या असत्या तर या दोन का जगल्या? फरक औषधात नाही. फरक माणसाच्या हातात आहे. या माणसानं शेळ्यांच्या तोंडात घाण घातली, हे कंपाउंडरनं डोळ्यांनी पाहिलं आहे."

मालक माझ्याकडे वळला. पाहिलंस?

मी म्हणालो, पाहिलं.

लिही.

मी लिहिलं: 'गुरुवारच्या तीन दिवस आधी पहाटे हसन मुल्ला याने एका शेळीच्या तोंडातला घाण पदार्थ काढून दुसऱ्या शेळीच्या तोंडात घातला, हे मी पाहिले.' खाली सही.

यात एक अक्षर खोटं नाही. ज्या शेळ्यांच्या तोंडात घातलं त्या जगल्या, हे मी लिहिलं नाही, कारण मला ते कुणी विचारलं नाही. काच धुतली हे लिहिलं नाही. मुंबईत मी शंभर पत्रकांत लिहिलं असेल की अर्धं सत्य मालकांचं हत्यार असतं. ते स्वतःच्या हातात आलं तेव्हा मला त्याचं वजनसुद्धा जाणवलं नाही.

घड्याळात साडेनऊ झाले होते. मालकानं मामूंचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, रद्द करायला सांगितला. मामू एकच वाक्य बोलले, मालकाशी नव्हे, माझ्याशी.

"काय लिवलंस, इब्राहिमा?"

"पाहिलं ते, मामू."

"मग निळी शिंगं पाह्यली नायस व्हय?"

पुढच्या बोटीनं ते गेले. धक्क्यावर मी गेलो होतो. त्यांनी माझ्याकडे पाठ केली नाही. ते मला अधिक लागलं. खिशातून रुमालात बांधलेले खजूर काढून दिले, "घे, येळेवर खात जा. आईला सांगतो, बरा हायस." उम फलाह पुढचे कित्येक दिवस मला पाहिलं की कनातीचा पडदा ओढून घ्यायची.

दोन शेळ्या का जगल्या, याचं उत्तर शोधण्यात माझी पुढची वर्षं गेली. वाडा सोडून मी हवल्लीत एका जनावरांच्या प्रयोगशाळेत लागलो. तिथे पुस्तकं होती, आणि प्रश्न विचारला तर न रागावणारे लोक होते. शेकडो शेळ्यांच्या, मेंढ्यांच्या, गायींच्या पोटांतले थेंब मी पाहिले. एकही दुसऱ्यासारखा नव्हता. एका गायीला गोठ्यातलं औषध लागलं की तिची गर्दी ओसरे आणि महिनाभर परतत नसे; शेजारची, तीच मात्रा घेतलेली, आठवड्यात पूर्वीसारखी. कुणाची शेजारीण चांगली चाटणारी, कुणाला लहानपणी मातीत तोंड घालायची सवय, कुणाच्या पोटात औषध कोपऱ्यापर्यंत पोचतच नाही. माणसाला जे एकसारखे दिसतात ते आतून एकसारखे नसतात. मुदीरसाहेबांचा सगळा न्याय या एका चुकीवर उभा होता: सगळ्यांना एकच दिलं, म्हणजे सगळ्यांवर एकच व्हायला हवं.

त्या दोघींपैकी एकीचं उत्तर मला मिळालं. वाड्यावरच्या पाणक्यानं मला नंतर सांगितलं, की पाजल्यानंतर उपाशी ठेवलेल्या रात्री एक शेळी दावं तोडून म्हातारीच्या तळावर गेली होती, आणि पहाटे काळ्या शेळ्यांच्या डोणीत, त्यांच्या लाळेच्या पाण्यात तोंड घालून उभी सापडली. त्यानं गुपचूप आणून बांधली. म्हणजे तिनं आपलं विरजण आपण चोरून आणलं. दुसरीचं मला आजही ठाऊक नाही. 'ठाऊक नाही' हे दोन शब्द त्या गुरुवारी कचेरीत कुणी उच्चारले असते, तर हसन मुल्ला आज कुवेतमध्ये असते.

दोन वर्षांनी मी मालकाला सविस्तर लिहिलं, काच धुतल्यासकट. उत्तर आलं, प्रकरण बंद आहे. डॉक्टर तोवर दुसऱ्या देशात गेले होते. जाण्याआधी ते हवल्लीत मला एकदा भेटले. म्हणाले, "तुम्हारे मामू ठीक थे." मी म्हणालो, "ये लिखकर दीजिए." ते चहा अर्धा टाकून उठले.

गेल्या वर्षी मी रजेवर गावी गेलो. मामू मोहल्ल्याच्या टोकाला राहतात. त्यांच्या दारात खुंटे आहेत, सहा-सात, आणि एकालाही दावं नाही. माझ्या आईनं सांगितलं तेव्हा मी आधी विश्वास ठेवला नाही: कुवेतहून त्यांच्याआधी गावात कागदाची बातमी पोचली होती. माझ्याच पत्रातून. मी घरी अभिमानानं लिहिलं होतं, की आमच्या वाड्यावर घाणेरड्या चालीविरुद्ध मी साक्ष दिली. आईनं ते पत्र शेजारच्या मास्तरांकडून वाचून घेतलं, मास्तरांनी मशिदीच्या ओट्यावर सांगितलं. तेव्हापासून लोक त्यांना 'शेळीमाऱ्या' म्हणतात. तीस वर्षं आख्ख्या गावाची जनावरं वळलेला माणूस. कुणी करडूसुद्धा त्यांच्या हाती देत नाही.

मी मोहल्ल्यात घरोघर गेलो. चुलत्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तू म्हणतोस तर खरं असंल. पण लोक काय म्हणतील रे?" एक बाई म्हणाली, "भाई, तेव्हा बी तूच सांगितलंस, आता बी तूच सांगतोस. आमी कंचं धरायचं?"

 म्हणून हे लिहितो आहे, सगळ्यांसमोर, नावानिशी.

निघायच्या दिवशी मी मामूंच्या ओट्यावर बसलो. कोपऱ्यातल्या बाईची शेळी कुंपणातून त्यांच्या अंगणात शिरली, फुगलेली, डाव्या बाजूनं पोट ताणलेलं. मामूंनी नुसतं पाहिलं.

"हिला दुसरीचा रवंथ हवाय. दोन गोळ्यांत उतरंल."

"मग घाला ना मामू."

"शेळी माजी नाय. मेली तर?"

मी ती शेळी त्या बाईच्या घरी नेली. तिनं हळद-तेल पाजलं. शेळी जगली की नाही, ते कळायच्या आत माझी मोटार सुटली.

हा अंक दापोली, मंडणगड, खेड या भागांत पोचतो, हे मला माहीत आहे. मशिदीच्या ओट्यावरही वाचला जातो. तेव्हा ओट्यावर बसून वाचणाऱ्या तुम्हाला सरळ सांगतो. मला माफ करू नका, माझं कौतुक तर अजिबात करू नका. तुमच्या गोठ्यात एक तरी शेळी असेल. उद्या सकाळी तिचं दावं हातात घ्या, मोहल्ल्याच्या टोकापर्यंत चालत जा, आणि हसन मुल्लांच्या दारातल्या रिकाम्या खुंट्याला ती बांधून या.